अनुपान, उपदंश आणि चखणा

मद्याबरोबर काय खावे, हा प्रश्न अलीकडे बराच प्रतिष्ठित झाला आहे. नाशिककडच्या द्राक्षमळ्यांत पाहुण्यांपुढे वाइनचे पेले मांडतात, प्रत्येक पेल्याला साजेसा पदार्थ ठेवतात आणि कशाबरोबर काय घ्यावे याचे धडे देतात. या मांडणीमागे एक नैतिक युक्तिवादही असतो. जेवता जेवता, चव घेत पिणारा मनुष्य बेताने पितो आणि नुसता पिणारा वाहवत जातो. तेव्हा अन्नाची संगत ही जबाबदार मद्यपानाची पहिली पायरी होय, असे सांगितले जाते. हा विचार युरोपातून आलेला आहे असे गृहीत धरून आपल्याकडे त्याचे स्वागत होते, अथवा त्याची टिंगल होते. आमच्या मते तो इथे फार जुना आहे. आणि ज्या प्रदेशाचा द्राक्षांच्या मद्याशी काडीचाही संबंध नाही, त्या बुलढाणा जिल्ह्याच्या बाजूने त्याच्याकडे पाहिले, तर त्याचे बळ आणि त्याची खोट दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

आरंभ शब्दांपासून करू. अन्न आणि पेय यांच्या जोडीसाठी संस्कृतात दोन वेगळे शब्द आहेत. 'अनुपान' म्हणजे अन्नामागून प्यायचे ते. 'उपदंश' म्हणजे पिता पिता सोबतीला चावून खायचे ते. पहिल्या शब्दात अन्न पुढे चालते आणि पेय त्याच्या मागून येते. दुसऱ्यात पेय यजमान असते आणि अन्न त्याच्या दिमतीला उभे असते. व्याकरणातला हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु जबाबदारीचा सगळा प्रश्न त्यातच आहे, असे आम्हांस वाटते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधीच्या ४६व्या अध्यायात, अनुपानांचा स्वतंत्र विचार आहे. कोणत्या पदार्थानंतर काय प्यावे याची ती सविस्तर यादीच आहे, आणि तीत मद्यालाही जागा आहे. ज्यांना मद्याची सवय आहे त्यांना मांसाहारानंतर मद्य उचित, असे तेथे म्हटले आहे. आणि लगेच, जे मद्य घेत नाहीत त्यांच्यासाठी पाणी किंवा आंबट फळांचा रस सांगितला आहे. न पिणाऱ्याची सोय त्याच ओळीत करणारा हा ग्रंथकार आजच्या पुष्कळ यजमानांहून सभ्य म्हणावा लागेल. सर्व अनुपानांत श्रेष्ठ कोणते, तर आकाशातून पडलेले पाणी, हाही निर्वाळा त्याने देऊन ठेवला आहे.

चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या मदात्ययाच्या २४व्या अध्यायात, हा विचार आणखी पुढे जातो. मदात्यय म्हणजे अतिमद्यपानाने जडणारा विकार. त्याच्या चिकित्सेपूर्वी ग्रंथ मद्य कसे घ्यावे ते सांगतो: वातप्रकृतीच्या माणसाने स्निग्ध आणि उष्ण अन्नासह, पित्तप्रकृतीच्या माणसाने शीत, मधुर, स्निग्ध अन्नासह, कफप्रकृतीच्याने जव-गहू खाऊन आणि रानातल्या प्राण्यांचे मिरे घातलेले मांस घेऊन. मद्य स्वभावतः अन्नासारखेच आहे, युक्तीने घेतले तर हितकर आणि युक्ती सोडून घेतले तर रोगकारक, अशी त्यामागची भूमिका आहे. आजच्या भाषेत याला जबाबदार मद्यपानाचे मार्गदर्शन म्हणण्यास हरकत नाही. आसने, फुले, सुगंध, ऋतूला योग्य जागा, प्रेमळ सोबती असे मोठे साग्रसंगीत वर्णन तेथे येते आणि मग ग्रंथकार थांबून एक वाक्य असे लिहितो की ज्याकडे आमच्या माहितीतल्या पाककलेच्या लेखकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. हा विधी धनवंतांचा आहे, असे तो सांगतो. धनवंतांचा, आणि जे पुढे धनवंत होणार आहेत त्यांचा. इतरांनी आपल्याला जसे जुळेल तसे, परंतु मात्रा सांभाळून घ्यावे.

या एका वाक्यामुळे चरकाविषयी आमचा आदर दुणावतो. थाळी आणि पेला यांची जोडी कोणाच्या ऐपतीत बसते आणि कोणाच्या नाही, हे त्याने लपवलेले नाही. 'इतरांनी' म्हणजे बहुसंख्यांनी काय करावे, हे मात्र त्याने एका 'मात्रा' या शब्दावर सोपवले. ती मात्रा कोण ठरवणार, कशाने ठरवणार, हा पुढचा इतिहास आहे.

तिकडे वळण्यापूर्वी दुसऱ्या शब्दाचा निकाल लावला पाहिजे. उपदंशाचे ठिकाण वैद्याच्या ग्रंथाहून रसिकाच्या बैठकीत अधिक आहे. कामसूत्रातल्या नागरकाच्या दिनक्रमात आपानकाचा, म्हणजे एकत्र मद्यपानाच्या बैठकीचा, उल्लेख येतो. तेथे नाना प्रकारचे खारट पदार्थ, फळे, हिरव्या भाज्या, कडू, तिखट आणि आंबट उपदंश मद्यांसोबत दिले जातात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकातला. त्यातही मदिरापान हा राजाच्या क्रीडांपैकी एक आहे. आता चवींकडे पाहावे. चरकाची थाळी स्निग्ध, गोड, पोटभरीची आहे; आपानकातली खारट, तिखट, आंबट आहे. पहिली पोट भरते. दुसरी घसा कोरडा करते. मद्यार्क रक्तात मुख्यतः लहान आतड्यातून शोषला जातो, आणि पोटात अन्न असले म्हणजे तो तिथे उशिरा पोहोचतो. त्यामुळे रक्तातला त्याचा कमाल अंश खाली राहतो. म्हणजे चरकाच्या थाळीला शरीरशास्त्राचा आधार आहे. परंतु प्यायलेले बहुतेक मद्य यकृताला शेवटी निस्तरावेच लागते, जेवणाने त्यातून सुटका होत नाही. आणि खारे शेंगदाणे माणसाला आणखी एक पेला मागायला लावतात, हे कोणत्याही दुकानदाराला शास्त्र न वाचताही ठाऊक असते.

मराठीत या दोन्ही शब्दांची गत विलक्षण झाली. अनुपान वैद्याच्या पुडीपुरते उरले: मधातून की तुपातून, एवढाच त्याचा अर्थ. उपदंशाला संस्कृतातही गुह्यरोगाचा दुसरा अर्थ होता, मराठीने तेवढाच ठेवला. आज हा शब्द त्वचारोगतज्ज्ञांच्या पाटीवर भेटतो. थाळीवरून दोघेही उठले. त्यांच्या रिकाम्या जागी 'चखणा' आला, ज्याचा उच्चार सर्रास 'चकणा' असा होतो. एक डोळा बशीवर आणि एक पेल्यावर ठेवणाऱ्या वस्तूला हे नाव अगदीच वाईट नाही. पण तो उपदंशाचाच वारस आहे, अनुपानाचा नव्हे.

शिष्ट मराठी गद्याने तर मद्याला जेवणाच्या पंक्तीतून आरंभापासूनच बाहेर ठेवले. लीळाचरित्रातल्या कितीतरी लीळा आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर-लोणारच्या परिसरात घडतात. चक्रधरांची आरोगणा, म्हणजे त्यांचे जेवण, हा त्या गद्याचा आवडता तपशील: कोणी काय आणले, कसे वाढले, उरलेले कोणाला मिळाले. तेराव्या शतकातल्या अन्नाचा इतका जिव्हाळ्याचा दस्तऐवज दुसरा नसेल. पण मद्य त्या पंथाला वर्ज्य, त्यामुळे त्याच्या गद्यातल्या ताटाला पेल्याची संगत असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या संतपरंपरेनेही तीच रीत पाळली. मद्य आणि अन्न एकत्र कसे नांदत होते हे शोधायचे, तर लिखित मराठीबाहेर जावे लागते.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर कडेला सातपुडा आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांतल्या डोंगरपायथ्याच्या गावांत कोरकू, निहाल, भिलाला अशा जमातींची वस्ती आहे. (जळगाव आणि खामगाव हे तालुके १९०५ साली अकोला जिल्ह्यातून बुलढाण्यात आले, जुने कागद शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.) या पट्ट्यातला मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे झाडाखाली वेचावी लागतात. वेचणाऱ्या बहुतेक बायका आणि मुले. फूल मांसल, गोड. वाळवले की त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरेचाच असतो. ते भाजून खातात, उकडून खातात, पिठात मिसळून त्याची भाकरी करतात. नव्या धान्याला अजून अवकाश असतो, अशा दिवसांत ही वाळली फुले घराचा आधार असतात. उरलेली बाजारात जातात. मीठ-मिरचीच्या बदल्यात जात होती तो काळही फार जुना नाही.

आणि त्याच साठ्यातून दारू होते. फुले काही दिवस पाण्यात भिजत घालायची, आंबली म्हणजे मडक्यात घालून चुलीवर चढवायची, वरच्या भांड्यात थंड पाणी ठेवून वाफ गार करायची आणि निथळणारे थेंब गोळा करायचे. पहिला थेंब देवाला, पितरांना, मग माणसांना. जन्म, लग्न, मरण, सण यांना ती लागतेच.

इथे आमचा मुद्दा येतो. सातपुड्यातल्या या घरात अन्न आणि मद्य एकाच टोपलीतून येतात. जितकी फुले भट्टीवर चढली तितकी पावसाळ्यातल्या भाकरीतून कमी झाली. हा हिशेब डोळ्यांसमोर असतो, आणि तो बहुधा त्या बाईच्या हातात असतो जिने पहाटे फुले वेचली, वाळवली आणि कणगीत भरली. चरकाने 'इतरांसाठी' जी मात्रा सांगितली, तिची मोजणी करण्याचे साधन या घरात होते. मद्याला सोबत म्हणून कोणता पदार्थ ठेवावा हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. मद्य स्वतःच अन्नाचा एक अवतार आहे, त्याची किंमत अन्नातच मोजली जाते.

आम्ही या चित्रावर भाळलो आहोत असा समज वाचकाने करून घेऊ नये. मोहाच्या दारूनेही घरे मोडली आहेत, आणि सणाच्या चार दिवसांचे आठ व्हायला वेळ लागत नाही. कौटिल्याला हे ठाऊक होते. त्याचा सुराध्यक्ष उत्सव-यात्रांसाठी चार दिवस मद्य गाळण्याची मुभा देतो. एरवी ओळखीच्या, चांगल्या चालीच्या माणसालाच थोडकी दारू बाहेर नेऊ देतो, बाकीच्यांनी पानगृहात बसूनच प्यावी. नियंत्रण हे ब्रिटिशांनी आणलेले नाही. ब्रिटिशांनी आणली ती वेगळी गोष्ट.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या कारभारात आला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने खामगावच्या रेल्वे फाट्याचे आणि कापूस बाजाराचे उद्घाटन केले. सरक्या काढणारे, गठ्ठे दाबणारे, हमाल, गाडीवान अशी रोख मजुरीवर जगणारी माणसे ज्या गावांत गोळा झाली, तिथे दारूचे दुकान हे सरकारी उत्पन्नाचे साधन झाले. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारचा, तो लिलावात मक्तेदाराने घ्यायचा, आणि मक्त्याची रक्कम वसूल व्हायची तर खप वाढला पाहिजे, ही अबकारीची सरळ व्यवस्था होती. शेजारच्या मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्याने ती घट्ट बसली, आणि १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांपुरता मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला. झाडावरून गळणारे फूल घरात साठवणे हाच संशयाचा विषय झाला. टोपली जप्त होण्याजोगी ठरली की तिच्यातली भाकरीही गेली, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात आले नसावे. किंवा आले असेल आणि त्यांना ते चालले असेल. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले, ते या व्यवस्थेच्या ऐन भरात. घरे उद्ध्वस्त होतात हे त्यांना दिसत होते, तसेच या व्यवसायाशी सरकारचे हितसंबंध कसे जडले आहेत हेही.

दुकानाने जे बदलले ते एका ओळीत सांगायचे तर, पिणारा घराबाहेर उभा राहिला. त्याच्या हातात रोख पैसा, पुढे काउंटर, मागे रांग. ताट घरी, आणि ताटावर काय पडणार हे तो दुकानात किती खर्चतो यावर अवलंबून. अन्न आणि मद्य यांचा हिशेब एकाच टोपलीत होता, तो आता दोन जागी, दोन माणसांत वाटला गेला. एकाला खर्च करता येतो आणि दुसरीला तो नंतर कळतो.

मराठी साहित्याने हा क्षण अचूक पकडला, असे आम्ही म्हणू. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. नावाकडेच पाहावे: प्याला आहे, आणि तो एकच आहे. या नाटकाची चर्चा आपण सुधाकराचा अधःपात, सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद अशी करत आलो. वर्गात शिकवताना आणखी एका वस्तूकडे बोट दाखवावे: सिंधूचे जाते. एकेकाळच्या वकिलाची बायको दुसऱ्यांचे दळण दळून संसार चालवते. रंगमंचावर एका बाजूला प्याला आणि दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे एकीकडे मद्य आणि दुसरीकडे अन्न. आणि त्यांच्यामध्ये चालणारा व्यवहार एकतर्फी. प्याला जात्याचे खातो. गडकऱ्यांवर भडकपणाचा आरोप नेहमी होतो आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे, पण ही मांडणी भडक नाही. ती वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात खरी ठरली असती.

आजही बाटली आणि थाळी यांची फारकत परवान्यांतच लिहिलेली आहे. महाराष्ट्रात परमिट रूमच्या परवान्याला खाणावळीची जोड लागते. तिथे टेबल असते, मेन्यू असतो, पिणाऱ्याला बसायला खुर्ची असते. देशी दारूच्या दुकानाचा परवाना वेगळा, आणि तिथे अन्नाची जबाबदारी कोणाचीच नाही. दुकानाबाहेर फुटाणे आणि उकडलेली अंडी विकणारी गाडी उभी असते, तोच गरिबाचा उपदंश. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे ज्या मुंबई-कोलकाता महामार्गाने जोडलेली आहेत, त्याच्यासारख्या रस्त्यांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये दिला, १ एप्रिल २०१७पासून तो लागू झाला आणि काही महिन्यांतच शहरी हद्दींसाठी सैलही झाला. अंतर मीटरमध्ये मोजता येते. दुकानापासून घरातल्या चुलीपर्यंतचे अंतर मोजण्याची पद्धत कायद्याला अजून सापडलेली नाही.

ती बायकांनी शोधली. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चिन्हावर शिक्का मारला तर दुकान बंद होते, ही महाराष्ट्रातली तरतूद जगाच्या मद्यविषयक कायद्यांत वेगळी उठून दिसते. मतदानाचा हक्क चुलीजवळच्या व्यक्तीला देणे म्हणजे टोपलीचा हिशेब पुन्हा तिच्या हाती देण्याचाच प्रयत्न आहे. तिचे हे मत जबाबदार मद्यपानासाठी नसते, दुकानच नको यासाठी असते. आणि ज्या घरात थाळीच अर्धी आहे तिथे 'थाळीसह प्या' हा उपदेश किती पोकळ ठरतो, हे तिला कुणी सांगावे लागत नाही. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातल्या त्या जिल्ह्यांपैकी आहे ज्यांच्यासाठी २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले. शेतकरी आत्महत्यांच्या सरकारी चौकशीत प्रकरणे 'पात्र' आणि 'अपात्र' अशी विभागली जातात, आणि कारणांच्या रकान्यात कर्जाऐवजी व्यसन लिहिले गेले की कुटुंब मदतीला मुकते. दारूने आधी ताट नेले, आणि मग तिचे नुसते नावही उरलेले ताट नेऊ शकते.

अशा प्रदेशात बसून जानेवारी २०२२मधला वाद आठवावा. मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, असे समर्थन ऐकू आले. विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. वाइनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळा भर तिच्या जेवणाशी असलेल्या नात्यावर होता: ती अन्नासोबत घेतात, म्हणून ती दारू नाही. म्हणजे अनुपानाचाच जुना युक्तिवाद, चरकाचे ते प्रामाणिक वाक्य वगळून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या आरंभी मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक नाही असे म्हटले, ती गोष्ट वेगळीच. तिने चरकाची 'युक्ती'ही अडचणीत आणली आहे, आणि वैद्यकीय बाजूने आम्हांस त्यावर बोलण्याचा अधिकार नाही.

थाळी आणि पेल्याच्या जोडीमुळे माणूस बेताने पितो, हे आम्ही अमान्य करत नाही. पण ती जोडी कामाला येते ती थाळी आधीच भरलेली असते तेव्हा. मोहाच्या घरात ही अट टोपलीच पाळत होती. हातभट्टीवर जेव्हा मोहाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आले, तेव्हा ती अट संपली; त्या दारूत खाण्यासारखे काही उरलेच नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे विषारी दारूने मेली. दारू अन्नापासून किती दूर जाऊ शकते, त्याची ती हद्द होती.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन, साठवण आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. पलीकडे मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देऊन तिची विक्री आखली. फेणीला भौगोलिक मानांकन मिळून तर २००९पासून बराच काळ लोटला आहे. उद्या मोहाची दारू नक्षीदार बाटलीत भरून एखाद्या हॉटेलात येईल आणि तिच्यासोबत कोणता पदार्थ शोभतो यावर कोणी लेखही लिहील. सातपुड्याच्या पायथ्याशी मार्चच्या पहाटे ज्या बायका झाडाखाली वाकलेल्या असतात, त्यांच्यापुरता बदल इतकाच झाला आहे की भरलेली टोपली घेऊन घरी जाताना आता कोणी अडवू नये. ती फुले किती खायची, किती विकायची आणि किती भिजत घालायची, हे त्या घरी जाऊन ठरवतील.